भैरूचा आवाज

विश्रांतवाडीत राहणारी माझी बायडामावशी साठीला टेकली आहे. तिला फोनवरून विजेचं बिल भरता येत नाही, पण टॅबवरच्या ब्लॉकचेन खेळात ती रोज लढते. तिच्या योद्ध्याचं नाव भैरू.

भैरू मूळचा तिच्या धाकट्याचा, सार्थकचा. या खेळातला प्रत्येक योद्धा म्हणजे एक एनएफटी, एकाच मालकाच्या नावावर नोंदलेली डिजिटल वस्तू. सामान्य, दुर्मीळ, अतिदुर्मीळ असं चढवत सार्थकने त्याला ‘अजिंक्य’ या शेवटच्या पायरीवर नेलं. तिथे योद्ध्याला मालकाचा आवाज मिळतो. भैरू जिंकला की सार्थकच्या आवाजात ओरडायचा, “जिंकलो गं आये!”

गेल्या वर्षी आळंदी रस्त्यावर अपघातात सार्थक गेला. त्याचा फोनही चिरडला. आवाज उरला तो भैरूकडेच. अजिंक्य योद्धा रोज लढला पाहिजे. एक दिवस चुकला तर पायरी उतरते आणि आवाज पुसला जातो. म्हणून मावशी त्याच्या टॅबवर खेळ शिकली. मीच डोकेफोड करून शिकवला.

मग खंडेनवमी आली. मावशीने कोयते, खुरपी घासून पाटावर मांडली, झेंडू वाहिला. शेजारी टॅब, त्यालाही कुंकू. आजची लढाई चुकणार हे कळताच मी स्कूटर काढून तिचं घर गाठलं. मावशी शांतपणे म्हणाली, “मांडलेली पूजा हलवायची नसती. आन् आज लढतंय कोण? समद्यांचीच हत्यारं पूजेत असत्याल.”

जगभरचे लोक लढत होते. मी भांडले, हात जोडले. तिने टॅबला हात लावू दिला नाही.

दसऱ्याला भैरू जिंकला आणि गप्प राहिला. मावशीने टॅब हलवला, कानाला लावला, आणि मग अशी रडली की मला बघवेना. कंपनीने मला कळवलं, पुसलेला आवाज परत येत नाही. तिला ते पटलंच नाही. पायरी चढली की पोरगं बोलणार, एवढंच तिच्या डोक्यात. चूल थंड, डोळे लाल, दिवसभर लढाई.

संक्रांतीच्या सुमारास भैरू पुन्हा अजिंक्य झाला. पडद्यावर सूचना आली: मालकाने आवाज द्यावा. मी वाचून दाखवलं. मावशी उठली आणि टॅब भिंतीवरच्या सार्थकच्या फोटोपुढे, त्याच्या तोंडाशी धरला.

“बोल की रे,” ती म्हणाली. “एकदाच बोल.”

टॅब काढून घ्यायचं बळ माझ्यात नव्हतं. वेळ संपली, आवाज नोंदला गेला.

मावशी अजूनही रोज लढते. भैरू जिंकला की तिच्याच रडवेल्या आवाजात म्हणतो, “बोल की रे. एकदाच बोल.”