दाखल्यावरचं नाव

निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात, मला समाजसेवेचा झटका आला. दर रविवारी सकाळी राजारामपुरीतल्या एका मंडळाच्या हॉलमध्ये टेबल टाकून मी बसतो आणि लोकांचे अर्ज भरून देतो. पेन्शन, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, जे येईल ते. बायको म्हणते, ‘आयुष्यभर कागद काळे केलेत, अजून हौस फिटली नाही.’ तिचं खरं आहे.

नोकरीत माझं काम होतं जिल्ह्यात कारखाने आणायचं, आणि त्यांच्यासाठी जमिनी. कागलकडच्या गावांतून मी जीपने हिंडायचो, देवळापुढे सतरंजीवर बसायचो आणि विकास हा शब्द इतक्यांदा उच्चारायचो की घरी येईपर्यंत घसा बसलेला असायचा. मी खोटं बोलत नव्हतो. माझा त्यावर विश्वास होता, आणि आज त्याचाच जास्त त्रास होतो.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी चाळिशी ओलांडलेली एक बाई आली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने प्रकल्पग्रस्ताचा दाखला काढला. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरातल्या एकाला नोकरीत प्राधान्य मिळावं म्हणून हा दाखला देतात. घरटी एक, आणि त्यावर नाव एकाचंच. सोबत तो मिळवण्यासाठी केलेल्या जुन्या अर्जाची प्रत होती. अर्जातलं अक्षर माझं होतं.

तिची गोष्ट सरळ होती. नवरा वारला, सासरच्यांनी माहेरी पाठवलं. आता ती आईजवळ राहते आणि एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, ठेकेदाराच्या हाताखाली भाजी चिरते. तो कारखाना तिच्या वडिलांच्याच रानात उभा आहे. तिथे दाखलेवाल्यांसाठी एक कायमची जागा निघाली होती. नोकरीसाठीची तिची वयाची मुदत श्रावणात संपत होती. दाखल्यावर नाव थोरल्या भावाचं होतं, त्याने तो कधी वापरला नव्हता. त्याने संमतीची सही दिली असती तर नाव बदलून मिळालं असतं.

‘होऊन जाईल काम,’ मी म्हणालो. जुनी सवय.

तिला घेऊन लगेच भावाच्या दुकानात गेलो. आमच्या हॉलपासून दोन गल्ल्या सोडून त्याचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. त्याने मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली, थंड मागवलं. कागद बघितल्यावर मात्र चेहरा पडला.

‘सही कशी करू, सायेब? माझा पोरगा बारावीला हाय. त्याला उपेगी पडंल की दाखला.’

‘मुलासमोर अजून सगळं आयुष्य आहे. हिच्याकडे दोन महिने आहेत.’

‘आयुष्य हाय वो, पर नोकरी कुठं हाय?’ मग बहिणीकडे न बघता तो म्हणाला, ‘आनि आमचं आबा तवा हिचंच नाव घालूया म्हनत हुतं. तुमीच नको म्हनलासा.’

थंडाची बाटली माझ्या हातातच राहिली. मला आठवलं. अर्ज भरायला मी त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसलो होतो, आजूबाजूला भावकी. नावाच्या रकान्यापाशी आलो तेव्हा म्हातारा जरा लाजतच म्हणाला होता, ‘पोरगी शाळंत लई हुशार हाय सायेब. हिचं घालूया काय?’ मी हसलो. अगदी मोठ्याने हसलो. ‘अहो, ती उद्या लग्न होऊन जाणार. जमीन तुमची आणि नोकरी व्याह्याच्या घरात? पोराचं घाला.’ भावकीने माना डोलावल्या. म्हाताऱ्याने पोराचं नाव सांगितलं. एवढा शिकलेला साहेब सांगतोय म्हटल्यावर तो दुसरं काय करणार? तेव्हा कुणीही हेच सांगितलं असतं, अशी मी मनाची समजूत घालून बघितली. ती पटली नाही. तिथे दुसरं कुणी नव्हतं, मी होतो.

पुढचे दोन महिने माझ्या जुन्या कार्यालयाचे उंबरे झिजवले. मी दारात दिसलो की पूर्वी जिथे माणसं उभी राहायची, तिथे आता बाकावर बसायला सांगत. सगळे गोड बोलले. ‘सर, तेवढी भावाची सही आणा.’ भावाकडे आणखी दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला तो शटर अर्धं ओढून आतच बसला. मला त्याचा रागही धड येईना, कारण तो माझंच वाक्य धरून बसला होता. गावोगाव असे किती रकाने मी हसत हसत भरले असतील, ते मोजायचं धाडस माझ्यात नाही.

मुदत संपायच्या आधीच्या रविवारी ती कागद परत न्यायला आली. मी टेबलावरचं सगळं बाजूला सारलं आणि तिला सांगून टाकलं, की भाऊ म्हणाला ते खरं आहे, तुमचं नाव माझ्यामुळे राहून गेलं.

‘मला ठावं हाय की,’ ती म्हणाली. ‘तुमी बोलत हुतासा तवा दाराच्या आड हुतो मी. च्या मीच आनल्ता.’

‘मग माझ्याकडे का आलात?’

‘लिवलंय तुमीच. म्हटलं, खोडायबी तुमालाच जमंल.’

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिने कागद पिशवीत घातले, पिशवीला रबर लावलं आणि दुपारची पाळी आहे म्हणून निघून गेली.

तो चहा मला आठवतो. आलं घातलेला, फक्कड. मी आणखी एक कप मागून घेतला होता. म्हणजे ती दोनदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली असणार. तिचा तेव्हाचा चेहरा काही केल्या आठवत नाही.