बत्त्याने फोडायचे लाडू

यंदा संक्रांतीला काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे आम्ही नवरा-बायकोने चहा पिताना ठरवून टाकलं. हलव्याचे दागिने नकोत, लेकीला टोचतात. भोगीची भाजी हवी. तिळाचे लाडू तर हवेतच.

गेल्या वर्षी माझा गुळाचा पाक चुकला होता. लाडू दगडासारखे झाले, बत्त्याने फोडून खावे लागले. यंदा मात्र मऊ जमले. लेकीने एक खाल्ला आणि बत्ता घेऊन आली.

“बाबा, फोडायचे कधी?”

“यंदा गरज नाही गं.”

“पण संक्रांतीला फोडतात ना?” तिचा चेहराच पडला.

कोण जाणे, आपल्या निम्म्या रीती अशाच कुणाचा तरी पाक चुकून पडल्या असतील. उरलेल्या तिळांसाठी मी पुन्हा गूळ चढवला आणि मुद्दाम जरा जास्तच उकळू दिला.