इंजिन घेतलं, दावं ठेवलं

आमच्या जीपचं इंजिन गणपती झाल्यावर बसलं आणि तिच्याबरोबर बाबाही बसले. जीप अंगणात, बाबा पडवीत. दोघांना हलवायची कुणाची टाप नव्हती. चारेक वर्षं होत आली या गोष्टीला, पण ते तीन-चार महिने आठवले की मला अजून एकटीला हसू येतं.

आमचं गाव मुरबाडहून म्हशाच्या अंगाला. घरची भातशेती आणि ही जीप, एवढाच प्रपंच. मी बारावीला होते तेव्हा बाबांनी ती नवी कोरी आणली. मागे समोरासमोर दोन बाकडी. त्या बाकड्यांवर कोण बसलं नाही? मुरबाडच्या बाजाराला निघालेल्या बाया बसल्या, माहेरी चाललेल्या बाळंतिणी बसल्या, भाताची पोती बसली आणि एकदा तर लग्नातला बँडवाला त्याच्या मोठ्या ढोलासकट बसला. माझी वरातही त्याच जीपमधून शहापूरला गेली. बाबा स्वतः चालवत होते, आणि वाटेत एकदाही मागे वळून बघितलं नाही त्यांनी. रस्त्यात बैल आडवा आला तर ते हॉर्न वाजवायचे नाहीत. जनावर घाबरतं म्हणायचे. बैल बाजूला होईपर्यंत माणसांना खुशाल थांबवून ठेवायचे. त्यावरून बोलणीही खायचे.

तर ती जीप बसली. मुरबाडच्या मेकॅनिकने खाली वाकून बघितलं, वर वाकून बघितलं आणि हात पुसत सांगितलं, "काका, ब्लॉकला चीर गेलीय. ह्या इंजिनाचं कायपण होनार नाय आता."

माझा धाकटा भाऊ कंपनीत कामाला आहे. तो लगेच म्हणाला, "बरं झालं. भंगारात देऊन टाकू. बाबा, सत्तरीला आलात, किती दिवस चालवनार?"

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण म्हणायची एक रीत असते की नाही? मी त्या दिवशी माहेरी होते, मी त्याला चांगला फैलावर घेतला. आई मधे पडली. त्या रात्री बाबा अर्धीच भाकरी खाऊन उठले, दुसऱ्या दिवशीही अर्धीच. आठवड्याने आईचा मला फोन आला, "ये गो एकदा, तुझा बाबा भिंतीकडं तोंड करून बसतो." मला खरंच भीती वाटली. ती जीप गेली तर हा माणूस पडवीतून परत उठायचा नाही, असं मनात आलं.

शेवटी बहीण-भावांत तह झाला. दुसरं इंजिन मिळालं आणि पौषातल्या म्हशाच्या जत्रेपर्यंत जीप चालू झाली तर ती राहील. नाही तर जत्रेच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल. बाबांनी नुसती मान हलवली.

इंजिन शोधायला दिवाळी उजाडली. मेकॅनिकनेच खबर आणली, की वैशाखऱ्याच्या बाजूला एका शेतकऱ्याची अशीच जीप झाडावर आपटलीय. पत्रा चेपला, पण इंजिन ठणठणीत आहे. मी खर्डीला शाळेत शिकवते. रविवारची सुट्टी साधून मी बाबांना एसटीने घेऊन गेले.

त्या शेतकऱ्याने जीप गोठ्याच्या शेजारीच उभी केली होती. एका बाजूला म्हैस, एका बाजूला जीप. आता बाबांनी उभ्या जन्मात मोलाची खरेदी केली ती म्हशाच्या बैलबाजारात. त्यांना दुसरी रीतच ठाऊक नाही. इंजिनाभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. वरून हात फिरवला. तेलाची पट्टी काढून हुंगली. चालू करायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. मी विचारलं, "काका, साल कुठलं?"

"तुमच्या गाडीपेक्षा चार वर्षं अलीकडचं," शेतकरी म्हणाला.

"म्हंजे तरणं हाय," बाबा खूश झाले. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, शेतकऱ्याच्या हातावर टाकला आणि दोघं टॉवेलाखाली बोटं धरून बोलू लागले. बैलाचा सौदा असाच होतो, तोंडाने भाव सांगायचा नसतो. दोघं जुने जत्रेकरी. दोन मिनिटांत जमलं.

शेतकऱ्याने इंजिनाला लोंबणाऱ्या वायरींचा जुडगा आणि त्याच्या टोकाचा एक चपटा डबा दाखवला. "ह्ये बी सोडवून देऊ ना?"

बाबांनी हात वर केला. "छे छे! दावं तुमचं."

शेतकऱ्याने हात जोडले. त्याचे डोळे भरून आल्यासारखे झाले.

आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं विकत नाहीत. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं. विकणाऱ्याचं दावं त्याच्या गोठ्यात खुंटीला राहतं, म्हणजे घरची लक्ष्मी जनावराच्या मागे निघून जात नाही. बाबांच्या लेखी इंजिन म्हणजे बैल आणि वायरी म्हणजे दावं. आपल्या जीपच्या वायरी आपल्याकडे आहेतच की! शेतकऱ्याने तो जुडगा सोडवून, नीट वेटोळं करून गोठ्यातल्या खुंटीला अडकवला. आणि मी काय केलं? मी बाजूला उभी राहून कौतुकाने बघत होते. बाबांची केवढी ही माणुसकी, असं मला वाटलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, हे इथे सांगताना लाज वाटते.

इंजिन टेम्पोत घालून मुरबाडला आलं. मेकॅनिकने घरच्या भातकापणीमुळे आधी बरेच दिवस लावले, मग एकदाचं ते साखळीला टांगून, गावाहून ओढत आणलेल्या जीपमध्ये उतरवलं. बोल्टांची भोकं बरोबर जुळली. गिअरबॉक्स बसला. बाबा तिथल्या सगळ्यांना चहा पाजत हिंडत होते. मग मेकॅनिकने हात पुढे केला, "काका, वायरिंग आना. आनि डबा."

"आपल्या जुन्या हायेत ना."

"जुन्याला दोन वायरी लागायच्या, काका. ह्ये पुढच्या सालाचं हाय. ह्याला डिझेल किती द्यायचं ते डबा ठरवतो. पायाखालचा ॲक्सिलेटर बी वायरीवर. डबा नाय तर ह्ये नुसतं लोखंड हाय. कुठं ठेवलात?"

बाबा शांतपणे म्हणाले, "ते दावं. ते कोन आनतं रे?"

मेकॅनिक त्यांच्याकडे बघत राहिला. मग खाली टायरवर बसला. मग त्याने कपाळावर हात मारला, तो सगळा काळा हात कपाळावर उमटला. "अरे देवा! काका, तुमी इंजिन आनलंत का बैल?"

दुसरा डबा आणून चालणार नव्हता. तो त्याच्याच इंजिनाला आणि त्याच्याच चावीला ओळखतो, असं मेकॅनिक म्हणाला. जत्रा दहा दिवसांवर आली होती. संध्याकाळी भाऊ पोट धरधरून हसला आणि हसून झाल्यावर म्हणाला, "भंगारवाल्याला सांगून ठेवतो मग." मी त्याच्या अंगावर उशी फेकली.

रविवारी आम्ही परत वैशाखऱ्याला. शेतकऱ्याने पाणी दिलं, चहा दिला, पण वायरींचं नाव काढताच त्याचा चेहरा पडला. "दादा, तुमच्या तोंडानं तुमी ठेवलंत. आता खुंटीवरचं काढून देऊ? माझी म्हैस गाभण हाय." आतून त्याची बायको दारात आली आणि तिने नुसती नकाराची मान हलवली.

माझा संयम सुटला. "अहो काका, वायरी आहेत त्या! प्लास्टिकच्या! दावं कसलं डोंबलाचं?"

"गप बस, बाय," बाबा म्हणाले. "त्यांचं बरोबर हाय."

मला तर रडूच कोसळलं. ज्या माणसासाठी मी भावाशी भांडले, सुट्ट्या घालवल्या, सासरी टोमणे ऐकले, तोच माणूस समोरच्याची बाजू घेतो! जीप गेली तर जाऊ दे, पण रीत मोडायची नाही. मी तणतणत अंगणात जाऊन उभी राहिले. बाबा आत खुंटीकडे बघत बसून होते. मग त्यांचा आवाज आला.

"दाव्याला दावं दिलं तर? माझ्या जुन्या इंजिनाच्या वायरी काढून ठेवल्यात. त्या तुमच्या खुंटीला लावा. खुंटी मोकळी ऱ्हायची नाय."

शेतकरी बायकोकडे बघू लागला. ती बाई हुशार होती. तिने विचारलं, "किती वर्सं चाललेली गाडी?"

"वीस. एकदाबी कुनाला वाटेत टाकलं नाय तिनं."

"मग चालंल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला दांडी मारली. खरं कारण हेडबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं, म्हणून पोट दुखतंय म्हणून कळवलं. आमच्या काळ्याकुट्ट, तेलकट वायरी गोणपाटात घालून आम्ही नेल्या. त्या बाईने त्यांना हळद-कुंकू लावलं, खुंटीला अडकवलं, वर नमस्कार केला. मग तो डबा, त्याची चावी आणि तो जुडगा मला पिशवीत घालून दिला, वर नारळाची एक वाटी ठेवली. एसटीत बाबांनी ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी जीप चालू झाली. मेकॅनिकने किल्ली फिरवली आणि पहिल्याच झटक्यात लागली. नव्या इंजिनाचा नंबर गाडीच्या कागदांवर चढवायचं काम भावाने आपण होऊन अंगावर घेतलं. त्याच्या तोंडून "भंगार" हा शब्द परत आला नाही.

जत्रेच्या सकाळी बाबांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ते चालवायला बसले, भाऊ शेजारी, मागच्या बाकड्यावर आई आणि मी. मी एवढी खुशीत होते की वाटेत दिसेल त्याला हात करत होते. जिंकलो आम्ही!

पण गाडी नीट चालेना. गिअर खरखरायचे. कधी एकाच गिअरमध्ये ती हिसके खात राहायची. हे इंजिन बिनआवाजाचं, आणि बाबा सगळं आयुष्य कानाने गिअर टाकत आलेले. आवाज चढला की वरचा, पडला की खालचा. आता त्यांना काही ऐकूच येत नव्हतं. म्हशाच्या अलीकडच्या चढावर गाडी बंद पडली. चालू केली, परत बंद पडली. मागे बैलांनी भरलेला टेम्पो हॉर्नवर हॉर्न मारत होता. तिसऱ्यांदा चालू करून बाबांनी ती कशीबशी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली.

ते खाली उतरले. पुढून वळसा घालून भावाच्या दाराशी गेले आणि किल्ली त्याच्यासमोर धरली. "घे. तू चालव."

भाऊ गडबडला. "बाबा, दोन दिवसांत हात बसंल तुमचा. नवीन हाय म्हनून तसं होतं. बसा ना तुमीच." जीप भंगारात काढायला निघालेला हाच माणूस आता त्यांच्या विनवण्या करत होता. बाबांनी किल्ली त्याच्या मुठीत कोंबली, मागे आले, दांडीला धरून आमच्या बाकड्यावर चढून बसले. वीस वर्षांत मागच्या बाजूला ते पहिल्यांदा बसत होते.

मला असा संताप आला! "मग हे सगळं कशाला केलंत? वैशाखऱ्याला खेपा घातल्या, शाळा बुडवली, याच्याशी भांडले मी! आणि एका चढावर सोडून दिलंत?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. रस्त्याकडे बघत म्हणाले, "मला श्रावनापासनंच समोरून येनारा दिवा दोन-दोन दिसतो, बाय. चालवायची नव्हतीच मला. आज एवढी एकदा, दिवसाउजेडी."

"मग?"

"आमाला दोघांना एकदमच मोडीत काढत होता तो. म्हटलं, निदान ती तरी ऱ्हावी."

आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. भाऊ सरकून स्टिअरिंगमागे बसला, त्याने किल्ली फिरवली, इंजिन लागलं. पण गाडी बराच वेळ जागची हलली नाही. डोळे पुसल्याशिवाय त्याला रस्ता दिसत नव्हता.