मैदान खेळण्यास योग्य होते

"सर, पाय भाजतोय."

दौंडच्या कॅप्टननं बसल्या जागेवरून हे पंचांना सांगितलं, तेव्हा सामना सुरू होऊन तीन मिनिटंही झाली नव्हती. पंचांनी हातानंच खेळ चालू ठेवायला सांगितलं. आमच्या शिरूरच्या प्रेक्षकांत हशा पिकला. "दौंडकरांना ऊन लागलं रं!" कोणीतरी ओरडलं. जानेवारीतली सकाळ होती, माणसं घोंगड्या पांघरून बसली होती.

मी शिरूरच्या एका हायस्कुलात ड्रिल मास्तर आहे. तेव्हा नोकरीला दीड वर्ष झालं होतं. जूनमध्ये मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे शाळेची कमिटी ठरवणार होती. सामना खो-खोचा, सीझनचा शेवटचा. जिंकणारा संघ पुण्याला जाणार. टीम मी तयार केलेली आणि मैदानही मीच आखलेलं.

खो-खो सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण मैदानावरच्या रेषा कोणी निरखून पाहत नाही. दोन खांबांच्या मध्ये एक लांब पट्टा असतो, ती मधली पाटी. तिला आठ आडव्या पाट्या छेदतात आणि छेदतात तिथं चौकोन होतात. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी त्या चौकोनांत उकिडवे बसतात, नववा धावतो. बसलेल्याची पायाची बोटं रेषेवर रोवलेली असतात आणि उठायच्या तयारीत हाताचीही. या रेषा आम्ही फक्कीनं मारतो. फक्की म्हणजे चुन्याची पूड.

टॉस आम्ही जिंकला होता. आधी पळायचं, असं मीच आमच्या कॅप्टनला, सोपानला, सांगितलं होतं. म्हणजे रेषांवर बसले होते ते सगळे दौंडचे.

दुसऱ्या एका पोरानं हात वर केला. मग चौथ्या चौकोनातला खो मिळायच्या आधीच उठून बाहेर पळाला. तो फाऊल. पंचांनी शिट्टी वाजवली, तसा तो खाली बसला आणि तळपाय वर करून त्यांना दाखवला. तळवा लालबुंद झाला होता. बोटांच्या बेचक्यांत पांढरा लगदा चिकटला होता.

तो लगदा पाहिला आणि मला आदल्या दिवशी आलेली चुन्याची पोती आठवली.

दरवर्षी आमची फक्की म्हणजे विझवून महिनोन्‌महिने पडलेला, वाळवून चाळलेला चुना. असा चुना अंगाला लागला तरी फार तर खाज सुटते. त्या वर्षी तो संपला. आदल्या दिवशी कमिटीच्या चेअरमननी, म्हणजे आप्पांनी, स्वतःच्या भट्टीवरून दोन पोती पाठवली. आणणाऱ्या माणसाला मी विचारलं, "विझवलेला आहे ना?"

"व्हय. आप्पा म्हणलं, तयार हाय."

मी पोत्यात हात घालून पाहिला नाही. कळीच्या, म्हणजे न विझवलेल्या, चुन्याला पाणी लागलं की तो उकळतो, हे घराला चुना लावणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पहाटे कोरड्या मैदानावर रेषा मारल्या. सामन्याच्या जरा आधी, धूळ बसावी म्हणून, पाणीही मीच शिंपडायला लावलं. रेषांवरून बारीक वाफ निघाली होती. मी ती पाहिली होती. नदीवरचं धुकं वाटलं मला. माझ्या पायात कॅनव्हासचे बूट होते.

"सामना थांबवा!" मी आत धावलो. "चुना कच्चा आहे!"

दौंडची पोरं पाण्याच्या पिंपाकडे पळाली. तेवढ्यात मार्थाबाई आडव्या आल्या. त्या मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स, सामन्याला औषधाची पेटी घेऊन बसायच्या. "पाणी नका घालू! आधी कोरड्या फडक्यानं झाडा! चोळू नका रे, झाडा!" एकेकाचा पाय मांडीवर घेऊन त्यांनी चुना झटकला आणि मगच बादल्याच्या बादल्या ओतायला लावल्या. मला म्हणाल्या, "दोघांना फोड येणार. डोळ्यांत गेलं नाही, देवाची दया समजा."

गडी बाद करायला पोरं सूर मारतात. सरळ तोंडावर पडतात, रेषेवर. अजून दोन मिनिटं खेळ चालला असता तर मी कोणाच्या आईबापापुढे काय तोंड घेऊन उभा राहिलो असतो?

दौंडचे ड्रिल मास्तर पवार सर जवळ आले. पन्नाशीचे, शांत माणूस. त्यांनी एकच विचारलं, "मास्तर, चुकून की ठरवून?"

चुकून, असं म्हणायला तोंड उघडलं आणि टॉस आठवला. आमचं मैदान, आमच्या चेअरमनचा चुना, आमची पोरं पळणारी आणि यांची बसणारी. त्यांच्या जागी मी असतो तर असं विचारलंही नसतं, सरळ गचांडी धरली असती.

टेबलापाशी आप्पा आणि हेडमास्तर उभे होते. पंचांनी कागद पुढे केला. सामन्याच्या कागदावर एक ओळ छापलेली असते, 'मैदान खेळण्यास योग्य होते', आणि तिच्याखाली यजमान शाळेच्या ड्रिल मास्तरची सही लागते. सही झाली आणि दौंडचा संघ दहा मिनिटांत परत उतरला नाही, तर वॉकओव्हर. म्हणजे आम्ही न खेळता विजयी.

"करा सही," आप्पा म्हणाले. "रेल्वेच्या क्वार्टरातली नाजूक पोरं ती. आपली बगा, पळत्यात का न्हाई त्याच मैदानात?"

"आप्पा, पळणाऱ्याचा पाय रेषेवर ठरत नाही. बसणाऱ्याचा ठरतो."

हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. "तुमची तत्त्वं ठाऊक आहेत मला. पण चुना आप्पांचा आहे. आणि जून काही लांब नाही."

सोपान मागंच उभा होता. मॅट्रिकचं वर्ष, त्याचा शेवटचा सीझन. तो दबक्या आवाजात म्हणाला, "सर, वॉकओव्हर मिळाला म्हंजी पुण्याला जायचं ना आपण?" वर्षभर रोज पहाटे मी या पोरांना उठवलं होतं. त्याच्याकडे बघायचं मी टाळलं.

माझी नजर खाली गेली. हेडमास्तरांच्या पायात बूट, पंचांच्या पायात बूट, आप्पांच्या पायात करकरीत वहाणा. आणि माझे कॅनव्हासचे. अनवाणी पोरांचं मैदान पायताणवाल्या माणसांनी पास करायचं, अशी आपली सगळी पद्धत, आणि वर शिस्तीवर भाषणं मी द्यायची.

"करतो सही," मी म्हणालो. "पण आधी आपण चौघं पायातलं काढून पाटीवर बसू. पोरं बसली तितकाच वेळ."

हेडमास्तर म्हणाले, मी मोज्यांसकट बसतो. आप्पांनी मात्र वहाणा भिरकावल्या. "त्यात काय! चला." धोतर सावरून ते तिसऱ्या चौकोनात उकिडवे बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या चौकोनात मी, पलीकडे पंच.

पहिलं मिनिट काही झालं नाही.

"कुठं काय हाय? गार हाय की!" आप्पा ओरडले. लोक हसले. पोरांचे भाजलेले पाय मी डोळ्यांनी पाहिले होते, तरी क्षणभर वाटलं, आता सही करावीच लागणार. मग माझ्या बोटांच्या बेचक्यांत चुरचुर सुरू झाली. पंच "अरे बापरे" म्हणत उठले. हेडमास्तर मोजे झटकत कधी टेबलाकडे गेले ते कळलंच नाही.

आप्पा बसून होते. नांगरामागं चालून त्यांचे तळवे जोड्याच्या चामड्यासारखे झाले होते. पण थंडीचे दिवस, त्यांच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. मला त्यांचा चेहरा दिसत होता. आधी हसू गेलं. मग मिशी हलली. मग त्यांनी एक टाच उचलली, ती टेकवून दुसरी उचलली.

"मार्थाबाई," ते सावकाश म्हणाले, "ते कोरडं फडकं आणा जरा हिकडं."

या वेळी दौंडची पोरं हसली, भाजलेल्या पायांनिशी.

बाई टाच झाडत असताना आप्पा माझ्याकडे न बघता पुटपुटले, "कळीचाच दिला की मुडद्यांनी. लिवा काय लिवायचं ते. भट्टीचं नाव तेवढं घालू नका."

मी छापील ओळ खोडली आणि लिहिलं, 'मैदान खेळण्यास योग्य नव्हते. आखणी मी केली होती.' सही केली. भट्टीचं नाव घातलं नाही. पोत्यात हात घालायचं काम माझं होतं. कागद पवार सरांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि माझ्या पायांकडे पाहून म्हणाले, "तुम्हीही झाडून घ्या."

सामना रद्द झाला. पोरांचे पाय बरे झाल्यावर तो दौंडला, रेल्वेच्या मैदानावर झाला. त्यांनी रेषा इंजिनांच्या चाळलेल्या राखेनं मारल्या होत्या. सामन्याआधी पवार सर बूट काढून सगळ्या पाट्यांवरून चालले आणि मला तळवे दाखवले. "नुसते काळे. बसवा तुमची पोरं." आम्ही एका गड्यानं हरलो. सोपान परीक्षा संपेपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

जूनमध्ये कमिटीनं मला आणखी एक वर्ष कच्चं ठेवलं. कारण लिहिलं होतं, 'मैदानाच्या व्यवस्थेत हलगर्जीपणा'. अन्यायावर मी चार पानी पत्र लिहून तयार ठेवलं होतं. ते कारण वाचलं आणि पत्र फाडलं. आरोप खरा होता.

या गोष्टीला चार वर्षं झाली. आता फक्की आली की मूठभर वाटीत घेतो, पाणी घालतो आणि बसून राहतो. आखणी झाली की बूट काढून सगळ्या रेषांवरून चालतो. पाऊण तास जातो. बाहेरून आलेले ड्रिल मास्तर हसतात. मी त्यांनाही बूट काढायला लावतो, मगच त्या छापील ओळीखाली सही करतो.