केकमधली अंगठी

लेकीच्या लग्नाचा केक ठरवायला इथल्या अर्विंग गावातल्या बेकरीत गेले आणि व्हॅनिलाच्या वासासरशी जेनीचं लग्न आठवलं.

जेनी माझी ऑफिसमधली मैत्रीण. तिच्या केकमध्ये दडवलेल्या वस्तूंच्या रिबिनी बाहेर लोंबत होत्या. लग्न न झालेल्या मुलींनी त्या ओढायच्या. जिला अंगठी मिळेल तिचं लग्न आधी. पुण्याहून आलेली माझी आई मागे भिंतीशी उभी होती. बाबा गेल्यापासून लग्नकार्यात ती तशीच उभी राहायची. "तुझी आईसुद्धा सिंगलच ना?" म्हणत जेनीनं तिला हाताला धरून पुढे आणलं.

आयसिंगनं माखलेली अंगठी नेमकी आईलाच मिळाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र चक्क लाजली, आणि अंगठी करंगळीत घालून संध्याकाळभर मिरवली.

परत जाताना एअरपोर्टवर तिनं ती काढून माझ्या हातात ठेवली. "तुझ्याकडेच राहू दे. तिकडे काय सांगू?"