मामांचं घंटाघर

दिल्लीचा चांदणी चौक शहाजहान बादशहाच्या लेकीनं वसवला, असं इतिहास सांगतो. पण आमच्या रहिमतपूरजवळच्या गावात विचाराल, तर तो माझ्या थोरल्या मामांच्या मालकीचा होता. लष्करात असताना मामांनी काही महिने दिल्लीत काढले, तेही मुदपाकखान्यात बटाटे सोलत. लढाई त्यांनी पाहिली नाही. पण सुट्टीत पाहिलेल्या त्या एका रस्त्याच्या जोरावर त्यांनी पुढं जन्मभर गावाचं डोकं खाल्लं.

कुठलाही विषय मामा तिथंच नेऊन पोचवत. रहिमतपूरच्या बाजारातून जाताना ते नाक मुरडत, "हिला पेठ म्हनत्यात व्हय रं? एवढ्या जागंत तिकडं एकटा जिलेबीवाला बसतोय!" कुणी परक्यानं एस्टी स्टँड विचारला, तरी ते चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यापासूनच सुरुवात करत. "घंटाघराला पाठ करायची. उजव्या अंगाला ट्राम, डाव्या अंगाला जिलेबीवाला, म्होरं लाल किल्ला." बिचाऱ्याची गाडी हमखास चुकायची. बादशहाच्या काळी त्या रस्त्याच्या मधून पाट वाहायचा आणि पाण्यात चांदणं पडायचं, हे सांगताना मामांचा आवाज कातर व्हायचा. ऐकणारे सगळे ऊसवाले. "पर मामा, ते पानी जायाचं कुनाच्या उसाला?" असं एकानं विचारलं, तेव्हा मामा त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

मामी मात्र प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायची. लग्न झालं त्याच वर्षी मामांनी तिला शब्द दिला होता, "तुला घंटाघर दावीन." त्या शब्दावर तिनं अर्धा जन्म काढला होता.

बहात्तरचा दुष्काळ सरला, पिकं बरी आली आणि गावातून दिल्लीची सहल निघाली. वाटाड्या अर्थातच मामा. मामी ठेवणीतलं इरकल नेसली होती. चांदणी चौकात शिरल्यावर ट्राम दिसेना. "आज सुट्टी दिसत्या तिला," मामा म्हणाले. मग मनोराही दिसेना. मामांनी आम्हाला त्या गर्दीतून खालवर इतकं फिरवलं की मंडळींचे पाय बोलायला लागले, आणि मग तोंडंही. "मामा, मनोरा हुता का सपनात बगितला?" शेवटी मामांनी लष्करी हिंदीत एका टांगेवाल्याला विचारलं, "घंटाघर किधर है?"

"यही तो है," त्यानं समोरच्या मोकळ्या जागेकडं बोट केलं. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. वर नुसतं आभाळ होतं.

शेजारच्या जिलेबीवाल्यानं उलगडा केला. मनोरा कधीच पडला होता, नाव तेवढं जागेला चिकटून राहिलं होतं. ट्रामही बंद होऊन काही वर्षं झाली होती.

"म्हंजी मामा खोटं बोलत नव्हतं गड्या!" मंडळी खूश झाली. आम्हाला वाटलं, आता हे जन्मभर मिरवणार. पण मामा एका दुकानाच्या पायरीवर मटकन बसले.

"खोटा ठरलो आसतो तरी चाललं आसतं रं," ते म्हणाले. "पर त्यो पडाय नको हुता." मग मामीकडं न बघताच पुटपुटले, "तुला दावायचं ऱ्हायलंच."

मला फार वाईट वाटलं. मामी मात्र भर रस्त्यात जाऊन त्या मोकळ्या जागेला पाठ करून उभी राहिली.

"आवं, केली पाठ घंटाघराला. आता सांगा, ट्राम कुन्या अंगाला?"

मामा उठून तिच्याशेजारी उभे राहिले. त्यांनी नुसता उजवीकडं हात केला.

मामीनं पदर सावरला आणि ट्रामला वाट द्यावी तशी ती एक पाऊल मागं सरली.