झीरो टू झीरोवाले घरमालक

तो फोन आला त्या दुपारी चाळीत आमी चौघंच व्हतो: मी, आमचे हे, आमचे घरमालक आन त्यांची बायको, जिला सगळी चाळ वहिनी म्हणायची. बाकी समदी शिफ्टला.

घरमालकांसारखा फुशारक्या माणूस चिखलीपासनं चाकणपत्तोर दुसरा झाला न्हाई. आन फुशारकी कशाची, तर फोनच्या नंबरापुढं लागणाऱ्या आकड्यांची. झीरो टू झीरो, म्हंजे पुण्याचा कोड. चिखली तवा निम्मी शेतं आन निम्मी पत्र्याची शेडं, पण फोन पुण्याचा. फाटकावर, पाण्याच्या टाकीवर कोडासकट नंबर रंगवलेला. लेकीच्या लग्नात लोक भांड्यांवर नाव घालतात, घरमालकांनी नंबर घालून घेतला. फोन वाजला की आधी डोक्यावर टोपी, मग रिसीव्हर कानाला, आन हॅलोच्या जागी "झीरो टू झीरो बोलतोय." चाकणचे व्याही आले की सुरूच. "तुमचा शून्य एकवीस पस्तीस. पाच आकडे फिरवून बी गावच लागतंय. आमचं तीनात पुणं." व्याही म्हणायचे, "मग टँकर बी पुण्यातनंच येत आसंल, पाव्हणं."

आमी बीडकडनं आलेलो. आमच्या ह्यांची दोन बोटं कारखान्यात प्रेस मशीनमधी गेली, मी लोकांची धुणीभांडी केली. ते दिवस निघाले. पण थोरला दत्ता बापाशी भांडून घर सोडून गेला, ते काय निघंना. वर्सं गेली. आमच्याकडं कुठला फोन.

मग घरमालकांच्या पोरांनी चाकणला बंगला बांधला. "आण्णा, चला आता. तो फोन टाका काढून, मोबाईल घ्या." घरमालक हलंनात. "त्या पाच आकड्यांत जाऊ? मेल्यावर न्या मला." पोरं चिडली, चाळ हसली, मी बी हसले. वहिनी तेवढी गप ऱ्हायची.

त्या दुपारी घरमालक बोडक्या डोक्यानं पळत दारात आले. "कौसाबाई, चला. तुमचा दत्ता हाय." मी ऐकलं, "आई, सुरतेला हाय. बापू हायेत का?" आमच्या ह्यांनी फोन घेतला आन म्हणले, "जेवलास का?"

घरमालकांनी टोपी घातली. "झीरो टू झीरो हाय. लागणारच." ते आत गेल्यावर वहिनी म्हणली, "कौसे, बंगल्यात जायला मी रोज भांडायचे. तर हे म्हणायचे, कौसीच्या पोराला एवढाच नंबर पाठ हाय. तुला सांगायची बंदी व्हती मला."

पुढच्याच महिन्यात घरमालक चाकणला गेले, आपणहून. व्याह्यांनी लई चिडवलं म्हणं. ते नुसते हसले. आता ते न्हाईत. दत्ता इथंच असतो, त्याची पोरं घरमालकांनी जाताना दिलेल्या त्या नंबराच्या ताटात जेवतात.

वाचणाऱ्यांना एवढंच मागणं हाय. घरातला जुना फोन काढायचा आसंल, तर आधी शेजारी इचारा, कुणाचा यायचा ऱ्हायलाय का.